सात नंबरची जर्सी

डोळे मिटा बरं क्षणभर. मिटलेत? आता कल्पना करा, की तुम्ही एका चष्म्याच्या दुकानात उभे आहात. काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक चष्मा तुमच्याकडे टक लावून बघतोय. आत एक अरुंद खोली, तिच्या टोकाला लहानमोठ्या अक्षरांचा उजळलेला तक्ता. संध्याकाळचं ऊन दारातून आत सरकलंय, आणि त्या उन्हात एक उंच माणूस उभा आहे. त्याच्या एका हातात चष्म्याचा उजवा तुकडा, दुसऱ्या हातात डावा. त्याच्यामागे दहा वर्षांची एक मुलगी, स्वतःच्या बुटांकडे फारच लक्ष देऊन पाहणारी.

ती मुलगी म्हणजे भिंगरी. आणि गल्ल्यामागे काच पुसत बसलेली तरुणी म्हणजे तिची मावशी. डोळे तपासायचं शिकलेली, सगळ्या पेठेची चष्मेवाली.

"मावशी, आमच्या सरांचा चष्मा फुटला," भिंगरी बुटांना म्हणाली.

"कसा गं?"

"आपोआप."

"आपोआपच," सर गंभीरपणे म्हणाले. ते भिंगरीला बास्केटबॉल शिकवत. "आधी हिचा बॉल माझ्या नाकावर आला. मग चष्मा आपोआप फुटला."

चष्मेवालीने हसू कसंबसं आवरलं आणि त्यांना आतल्या खुर्चीत बसवलं. एकामागून एक भिंगं बदलत ती विचारत राहिली, "ही बरी, की ही? आता? आणि आता?"

"आता… अगदी स्पष्ट."

"शेवटची ओळ वाचा बघू."

"ओळीचं नाही म्हणत. तुमच्या गालावर शाई लागलीये."

तिने झटकन गाल पुसला.

"तो नव्हे," सर हळूच म्हणाले, "दुसरा."

आता सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? तिने दुसराही गाल पुसला, आणि मग दोन्ही गाल सारखेच लाल दिसू लागले.

"चष्मा शनिवारपर्यंत मिळेल का?" सरांनी विचारलं. "क्लबाची जुनी स्कोअरबुकं वाचायची आहेत. चिटणीस मागे लागलेत. नव्या हॉलच्या भिंतीवर एकच मोठं चित्र काढायचंय, क्लबाच्या आजवरच्या सर्वांत थोर खेळाडूचं. कोण ते मी ठरवायचं. म्हणजे… ठरलेलंच आहे तसं. आपला जिराफ."

जिराफ म्हणजे क्लबाचा सध्याचा हिरो. हात वर केला की बास्केट त्याच्या मनगटाशी.

चष्मेवालीच्या हातातलं भिंग थांबलं. "ठरलेलं? आणि सात नंबर? चाळीस वर्षांपूर्वीचा? ते माझे वडील आहेत, आबा."

"अहो, पण आबांच्या काळात खेळ किती संथ होता…"

"आबांच्या काळात तीन गुणांची रेषाच नव्हती! ते कितीही लांबून टाकोत, पदरात दोनच पडायचे. तुमच्या जिराफाला ती रेषा पुसून खेळवा एकदा."

"समोरचे खेळाडू मात्र कारखान्यातली पाळी संपवून, दमून यायचे."

"आणि आबा कुठून यायचे? झोपून उठून? दिवसभर छापखान्यात उभं राहून अक्षरांचे खिळे जुळवायचे ते."

"बरं. पण समजा, आबांना आजच्या जिराफासमोर उभं केलं…"

"आबा त्याच्या पायांमधून निघून जातील!"

भिंगरीने बुटांकडे बघणं सोडून दिलं. सर आणि मावशी भांडतायत, यापेक्षा चांगली संध्याकाळ तिने पाहिली नव्हती.

"मग असं करा," सर नाक चोळत म्हणाले, "बुकं तुमच्याकडे आणतो. आपण दोघं मिळून बघू. मी हरलो तर कबूल करीन."

"हराल," ती म्हणाली. पण चष्मा मात्र तिने शनिवारऐवजी दुसऱ्याच दिवशी तयार ठेवला.

त्यानंतर रोज संध्याकाळी सर तिच्या घरी येऊ लागले. दुकानाच्याच वर दोन खोल्या, एक अरुंद जिना. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आबांची आरामखुर्ची, भिंतीवर आबा आणि दिवंगत आई यांचा लग्नातला फोटो, शेजारी क्लबाच्या जुन्या संघाचा फोटो. त्यात आबांच्या छातीवर ठळक सात. मधल्या टेबलावर बुकांचा ढीग. चष्मेवाली वाचून दाखवायची, "सात नंबर, बावीस गुण." आबा खुर्चीतून "हं" म्हणायचे. सर लिहून घ्यायचे.

तुलना करायची कशी, यावर मात्र रोज नवा वाद. एका संध्याकाळी सरांनी भिंगरीलाच पुढे बसवलं.

"समज, तुझ्या वर्गात सगळ्यांना साठ मार्क पडले आणि तुला नव्वद. दुसऱ्या वर्गात सगळ्यांना पंच्याऐंशी आणि एका मुलीला त्र्याण्णव. जास्त हुशार कोण?"

"पेपर कोणी काढले होते?" भिंगरीने विचारलं.

आबा खुर्चीत खुसखुसले. सर मात्र खूश झाले. "बघा! हीच खरी मेख आहे. पेपर वेगळे, म्हणून नुसते मार्क बघायचे नाहीत. आपल्या वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा ती किती पुढे होती, ते बघायचं. जिराफाला जिराफाच्या काळातल्या माणसांशेजारी उभं करायचं, आबांना आबांच्या."

आणि तसं मोजलं, तेव्हा काय निघावं? जिराफ त्याच्या काळातल्या साधारण खेळाडूच्या पावणेतीन पट. सात नंबर साडेतीन पट!

"हरलो," सर म्हणाले. हरलेला माणूस इतका आनंदात असतो, हे चष्मेवालीने पहिल्यांदाच पाहिलं. दोघांची बोटं एकाच पानावर होती. दोघांनीही ती लगेच उचलली नाहीत.

त्या संध्याकाळी जिन्यात त्यांना निरोप देताना तिने आवाज अगदी खाली आणला. "एक सांगू? आबांची नजर कमी होत चाललीये. मीच तपासते ना… भिंगांनी आता फार फरक पडत नाही. वर्षभर, फार तर दीड वर्ष. त्यांचं नाव कधी पेपरात आलं नाही, त्यांना कधी कप मिळाला नाही. त्यांनी ती भिंत बघावी, एवढंच मला हवंय. दिसतंय तोवर."

सरांनी तिच्या हातातला जिन्याचा दिवा घेतला आणि तिला वर जाताना नीट दिसेल असा धरून उभे राहिले… निरोप द्यायला खरं तर ती आली होती.

दुसऱ्या दिवशी सर आले, पाणी प्यायला उठले, फोटोंसमोर जरा थांबले, आणि परत येऊन बसले ते गप्पच. मग तीन दिवस आलेच नाहीत. भिंगरी निरोप घेऊन आली, "सरांना सर्दी झालीये."

"शिंकतात का?"

"नाही. पण सर्दी झालीये म्हणाले."

चौथा दिवस रविवार. संध्याकाळी सहाला चिटणीस उत्तर घ्यायला येणार होते. चष्मेवालीने पाचच्या सुमाराला शेवटचं बुक उघडलं, आणि एका पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीकसा ठिपका दिसला. सर असे ठिपके करत, जिथे काही खटकायचं तिथे. तिने पान वाचलं. सात नंबर, सव्वीस गुण. यात खटकण्यासारखं काय? मग तिने तारीख वाचली. मान वर करून भिंतीकडे पाहिलं. लग्नाच्या फोटोखालीही तीच तारीख होती.

ज्या दिवशी आबा मुंडावळ्या बांधून पाटावर बसले होते, त्याच दिवशी सात नंबरने सव्वीस गुण केले होते.

ती बुक छातीशी धरून तरातरा मैदानावर गेली. सर एकटेच बॉल टाकत होते, आणि एकही आत जात नव्हता.

"सर्दी बरी झाली?"

बॉल त्यांच्या हातातून निसटला. बुक पाहून त्यांना सगळं कळलं.

"तुम्हाला चार दिवसांपासून माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी रोज आबांना म्हणतेय, तुमचं चित्र येणार! मला सांगायचं नाही? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"सांगणार होतो. जिन्यापर्यंत आलो होतो दोनदा." सर खाली बघत म्हणाले. "सांगितलं असतं तर तुमची भिंत मी पाडली असती. नाही सांगितलं, तर चिटणिसांसमोर खोटं बोलावं लागलं असतं. दोन्ही जमेना… म्हणून सर्दी झाली."

तिला रडू येणार होतं, त्याऐवजी हसू आलं, आणि मग दोन्ही एकदम आलं. सरांनी खिसे चाचपले. रुमाल नव्हता. शेवटी त्यांनी चष्मा पुसायचं मऊ फडकं पुढे केलं. तिच्याच दुकानातलं.

"आबांना मी सांगते," ती डोळे टिपत म्हणाली. "पण तुम्ही सोबत चला."

आबा खिडकीशीच होते. भिंगरी त्यांच्या पायाशी बसून बुटाची नाडी बांधत होती. चष्मेवालीने बुक आबांच्या मांडीवर ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शेवटी तिने विचारलं, "आबा, मग त्या दिवशी सात नंबर कोण होता?"

आबांनी क्षणभर आठवलं. "आमच्या लग्नाच्या दिवशी? आमच्या संघातला धुलाईवाला असणार. त्याला लग्नाला यायचं होतं, मीच म्हटलं, मॅच सोडू नकोस."

"म्हणजे?"

"अगं, क्लबाकडे दहाच जर्सी होत्या, आणि आम्ही चौदा जण. कोणाची कुठली, असं कुठे होतं तेव्हा? दोरीवर जी वाळलेली असेल ती घालायची. सात नंबर माझ्या मापाची, म्हणून पुष्कळदा माझी. नाहीतर धुलाईवाल्याची, नाहीतर टपालवाल्याची. तो तर आम्हा दोघांपेक्षा सरस होता."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. एक महिना त्यांनी एका माणसाची बेरीज केली होती, आणि ती निघाली तिघांची! आज नंबर खेळाडूला जन्मभर चिकटतो, म्हणून तेव्हाही चिकटत असेल, असं दोघंही धरून चालले होते.

"पण आबा," ती कळवळून म्हणाली, "मी महिनाभर वाचत होते. सात नंबर, सात नंबर. तुम्ही एकदा तरी बोलायचं!"

"तू कुठे विचारलंस, तो मीच होतो का म्हणून?" आबा म्हणाले. मग जरा थांबून, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि मी बोललो असतो, तर बुकं त्याच दिवशी मिटली असती. हे रोज संध्याकाळी जिना चढून येतात. तू रोज चारलाच वेणी परत घालतेस. नजर कमी झालीये माझी, गेली नाही अजून."

भिंगरीने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

"पण तुमचं चित्र…" चष्मेवाली म्हणाली.

"माझा चेहरा कशाला हवाय? रोज दाढी करताना बघतोच की. आणि त्या दोघांना सोडून मी एकटा भिंतीवर जाऊन बसू?" आबांनी तिचा हात हातात घेतला. "जिराफाला काढा, तो पोरगा गुणी आहे. आणि त्याच्याशेजारी आमची दोरी काढा. दोरीवर सात नंबरची जर्सी. पण मोठी काढा हं. दारातूनही मला दिसेल एवढी."

"दारातून नाही, रस्त्यावरून दिसेल एवढी काढू," सर म्हणाले. त्यांचा आवाज खरंच सर्दी झाल्यासारखा आला.

आबा काठी घेऊन उठले. "मी आत पडतो जरा," म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी पंखा चांगला मोठा सुरू केला.

चष्मेवाली टेबलावरची बुकं आवरू लागली. सरही आवरू लागले. एकाच बुकाची दोन टोकं दोघांच्या हातांत आली.

"काम संपलं," सर म्हणाले.

"हो ना."

"म्हणजे उद्यापासून… यायला काही निमित्त उरलं नाही."

"चष्मा सैल झालाय का तुमचा?"

"नाही. उत्तम बसलाय."

"सैल होतो कधीकधी," ती बुकाकडे बघत म्हणाली. "दाखवायला आणावा लागतो."

"किती दिवसांनी?"

"रोज आणला तरी चालतो."

सरांनी बुक सोडलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "मला बोलायला नीट येत नाही. पोरांना शिट्टी वाजवून सांगायची सवय. पण महिनाभर मी बेरजा चुकवत होतो, मुद्दाम… परत पहिल्यापासून मोजावं लागावं म्हणून. मला तुम्ही आवडता. फार. आता तुम्ही…"

"आता अगदी स्पष्ट," ती म्हणाली, आणि या वेळी तिने गाल पुसले नाहीत. "मीही मुद्दाम चुकीचे आकडे वाचत होते. दोनदा."

"दोनदाच?"

"बरं, पाचदा."

भिंगरी अजून तिथेच होती, हे दोघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. तिच्या मात्र चांगलं ध्यानात होतं. ती मांजरीसारखी उठली, बाहेर आली, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं. जिन्यावर बुटांची टकटक ऐकू आली. चिटणीस होते. बरोब्बर सहा वाजले होते.

"ठरलं का गं?" त्यांनी धापा टाकत विचारलं. "सगळ्यात थोर कोण?"

भिंगरी दाराला पाठ टेकून पायरीवर बसली आणि दोन्ही हात पसरून तिने वाट अडवली.

"काका, आत अजून चर्चा चालू आहे," ती म्हणाली. "तुम्ही उद्या या."