पाण्यावरचा भालाईत

बसा असे शेगडीजवळ, बूट वाळू द्या. तोवर एक गोष्ट सांगतो. खरी का खोटी ते मला विचारायचं नाही. रायलीनं जे सांगितलं, आणि थोडं मी स्वतः पाहिलं, तेवढंच सांगणार.

रायली म्हणजे किनाऱ्यावरच्या त्या पिवळ्या घरातली. चौतीस वर्षं शाळेची बस चालवली तिनं, एकदाही उशीर नाही. तिचा धाकटा भाऊ ओइवा, तो बंदरातल्या बर्फफोड्या बोटीवर इंजिन बघायचा. आता दोघंही रिटायर, दोघंही एकटी. मग करायचं काय? तर हिवाळाभर तिच्या स्वयंपाकघरात एक जुना कॉम्प्युटर, आणि त्यावर लढाईचा खेळ. एकच मशीन, दोघं आळीपाळीनं. तू तुझं सैन्य हलव, बटण दाब, मग माझी पाळी. नकाशा ओइवानं स्वतः बनवलेला, आपल्याच खाडीचा. खरा सागरी नकाशा पुढ्यात ठेवून, एक चौकोन म्हणजे एक किलोमीटर, बेटंसुद्धा मोजून मांडलेली.

त्यांचे नियम दोन. समुद्राचा बर्फ माणसाचं वजन पेलायला लागला की डाव मांडायचा, आणि बर्फ सुटला की पुसून टाकायचा, कोणी जिंकत असो नसो. दुसरा नियम, एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं घराबाहेर जायचं. नुसती पाठ करून चालत नाही. ओइवा खिडकीच्या काचेत पडदा चोरून बघतो, हे रायलीला एका हिवाळ्यात कळलं होतं.

तर एप्रिल होता. एका उघड्या खडकाळ बेटावर ओइवाचा एक भालाईत बसलेला. डाव सुरू झाला तेव्हाचा, जुनाट, हातात नुसता भाला. रायलीकडे तोवर रणगाडे आलेले. तिनं एक रणगाडा घातला अंगावर. ढोल वाजले, तोफ धडाडली, आणि फुटला तो रणगाडाच.

"हे कसं शक्य आहे? माझं पोलाद, आणि तुझी काठी!"

"काठी नाही, भाला आहे," ओइवा म्हणाला. "आणि माणूस इकडचा आहे. एकदा बसला की उठत नाही."

"तुझ्यासारखा. जेवायला हाक मारली तरी उठत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर तिची पाळी. तिनं उरलेले दोन्ही रणगाडे आणून ठेवलेले. "आज तुझ्या त्या म्हाताऱ्याला उठवते. तू जा बाहेर. आणि तासभर तरी तोंड दाखवू नकोस."

"तासभर? मग मी चार मासे धरून आणतो," असं म्हणून तो गळ घेऊन बर्फावर गेला. एप्रिलचा बर्फ. बाहेरचा कोणी पाऊल टाकणार नाही. आम्ही मात्र जातोच दरवर्षी, आणि दरवर्षी एखादा अडकतो. फोन त्याचा टेबलावरच राहिला.

रायलीनं दुसरा रणगाडा घातला. गेला. तिसरा घातला. तोही गेला. भालाईताच्या जिवाची हिरवी पट्टी आता लाल दोऱ्याएवढी उरली होती, पण उभा होता. तिनं दोन शिव्या हासडल्या, खळखळून हसली, पाळी संपल्याचं बटण दाबलं आणि भावाला हाक मारायला बाहेर आली.

किनारा आणि बर्फ यांच्यामध्ये काळं पाणी होतं. वीस हात रुंद. बघता बघता तीस झालं.

वारा ईशान्येचा सुटला होता, आणि अख्खी लादी तिच्या भावाला घेऊन समुद्रात निघाली होती. बर्फाचा भुगा असा उडत होता की माणूस काही दिसेना. तिनं घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. मग फोन केला. तटरक्षक दलाच्या माणसानं, लेम्पिनेन त्याचं नाव, सगळं लिहून घेतलं. म्हणाला, "बाई, घरीच थांबा, फोनजवळ. आमचं हेलिकॉप्टर निघालंय."

ती स्वयंपाकघरात येऊन बसली. तासभर येऊ नकोस, हे आपणच म्हणालो, एवढंच डोक्यात. समोर पडदा. पडद्यावर ओइवाची पाळी.

बेट रिकामं होतं.

भालाईत बेटापासून दोन चौकोन पुढे, पाण्यावर उभा. त्या खेळात पायदळ बोटीशिवाय पाण्यात जाऊच शकत नाही, लाख आपटा. रायलीला वाटलं आपलाच हात लागला असेल. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले.

ढोल वाजले. लढाईची खिडकी उघडली. एका बाजूला भालाईत, दुसऱ्या बाजूला कोणीच नाही. नुसतं निळं पाणी. लाल दोरा थरथरला, तुटेल असं वाटलं, आणि टिकला. खिडकी मिटली. भालाईत एक चौकोन सरकला, वायव्येकडे.

वीस मिनिटांनी परत. ढोल, रिकामी बाजू, थरथर. टिकला. आणखी एक चौकोन वायव्येला.

तिनं ओइवाचा खरा नकाशा काढून टेबलावर पसरला आणि बोटानं चौकोन मोजले. मग फोन उचलला.

"कुठे शोधताय तुम्ही?"

"नैर्ऋत्येला, बाई. वाऱ्याचा हिशोब तसाच आहे."

"वायव्येला बघा. दीपस्तंभाच्या पलीकडे तीन किलोमीटर."

"तुम्हाला कसं कळलं?"

हेलिकॉप्टर एकच होतं. इकडे आणलं म्हणजे तिकडून काढलं. उजेड होता तो दोन-तीन तासांचा. चुकलं, तर भावाला दुसऱ्यांदा आपणच बाहेर घालवला असं झालं असतं.

"त्याचा फोन आला होता," ती म्हणाली. त्याचा फोन समोर टेबलावर पडलेला, चहूबाजूंनी पावाचे तुकडे.

"नक्की?"

"मी चौतीस वर्षं तुमची पोरं शाळेत पोचवली. नक्की म्हणजे नक्की."

फोन ठेवला. तिसऱ्यांदा ढोल वाजले.

टिकला.

एक चौकोन.

चौथ्यांदा वाजले. दोरा इतका बारीक झाला की दिसेना. ती पडद्याला नाक लावून बसली. "बसून राहा," ती म्हणाली. "उठू नकोस. उठलास तर बघ."

खिडकी मिटली.

मग खरा फोन वाजला.

"सापडला," लेम्पिनेन म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तिकडेच, जरा पुढे. जिवंत आहे. शिव्या घालतोय, गळ पाण्यात गेला म्हणून."

दवाखान्यात ओइवाचे पाय गुंडाळून ठेवले होते. बोटं सगळी शाबूत. रायलीनं आधी त्याच्या डोक्यात एक टपली मारली, मग रडली.

"लादी चारदा फुटली," तो म्हणाला. "चारही वेळा त्यानं तुकडा धरून ठेवला."

"कोणी?"

"होता एक जण माझ्याजवळ. लांब काठी होती त्याच्याकडे, ती रोवून उभा."

"काय बोलला?"

"काही नाही. आम्ही दोघंही इकडचेच. काय बोलणार?"

"मग त्याला का नाही आणलंस?"

"वरून दोरी आली तेव्हा वळून पाहिलं. तो पुढच्या लादीवर गेला होता." रायलीनं हेलिकॉप्टरवाल्यांना विचारलं, तर ते म्हणाले बर्फावर माणूस एकच होता.

बर्फ केव्हाच सुटला. पण या वर्षी दोघांनी डाव पुसला नाही. मशीन चालूच आहे. कोणी त्याला हात लावत नाही. मी गेलो होतो, मी पाहिलं. तो भालाईत अजून पाण्यातच आहे, पण रोज सकाळी एक चौकोन अलीकडे आलेला असतो. पट्टीसुद्धा जरा हिरवी दिसायला लागलीय. ओइवानं कालपासून वाफेचा सौना तापवून ठेवलाय, आणि रायलीनं टेबलावर तिसरी बशी मांडलीय.

काल किनारा एक चौकोन राहिला होता.

तुम्ही आता त्याच रस्त्यानं जाणार ना? मग एवढं करा. वाटेत कोणी ओलाचिंब माणूस भेटला, हातात लांब काठी, बोलत काही नाही, तर घाबरू नका. त्याला तेवढं पिवळं घर दाखवा.