चॉक काढायचे न्हाईत

हुरड्याच्या आगटीला गोवऱ्या कमी पडल्या म्हणून आक्काबाईनं नवऱ्याला खोपीमागं पिटाळलं, तिथून ही गोष्ट सुरू होते. भुताची गोष्ट अमावास्येला आणि वडाच्या झाडाखालीच सुरू व्हावी, असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल दुसरीकडं जाऊन बसावं. ही गोवऱ्यांपासून सुरू झाली, त्याला माझा इलाज नाही.

बबनराव पाटी भरून आला. इनामगावच्या शिवारात, घोड नदीच्या अंगाला त्याचं रान होतं. अर्ध्यात हुरड्याला आलेली ज्वारी, अर्धं त्या साली पडीक ठेवलेलं, सपाट आणि टणक. हवाई दलातून सार्जंट होऊन सुटल्यापासून दर संक्रांतीच्या आधी तो जुन्या सोबत्यांना हुरड्याला बोलवायचा. दोन हजार साली मात्र दौंडचा पोपटराव तेवढा आला. बाकीच्यांचं कुणाचे गुडघे, कुणाच्या नातवाचं बारसं. दोघांनी आगटीजवळ बाभळीचे दोन ओंडके ओढले आणि त्यावर बूड टेकलं.

या गड्यांचा एक खेळ ठरलेला होता. कणसं भाजेपर्यंत प्रत्येकानं सांगायचं, नोकरीतला आवडता तळ कुठला आणि नावडता कुठला.

"आपलं जोरहाट," पोपटराव कणीस चोळत म्हणाला. "पत्र्यावर रातभर पाऊस. आन् मासं! हितं भीमेचं खातो, पण ती चव न्हाई."

"तू मासं खाल्लं आन् तुला मच्छरांनी खाल्लं," बबनराव म्हणाला. "आपलं लोहगाव. सुट्टी घावली की यष्टीत बसायचं, दिवेलागणीला आक्काच्या हातची भाकर."

"भाकरीला कुठलं, भांडायला यायचे," आक्काबाई म्हणाली, आणि पोपटरावाला हसता हसता ठसका लागला.

"आन् नावडता?"

हे विचारलं गिताबाईनं. ती आगटीच्या पलीकडं, पदर घट्ट लपेटून बसली होती. दुपारच्या जीपनं तळेगाव ढमढेऱ्याहून आली होती, न बोलवता. दोघा गड्यांचं हसू जागच्या जागी विरलं.

गिताबाई म्हणजे मल्हारीची बायको. मल्हारी, बबनराव आणि पोपटराव तिघं एकदा एकाच तळावर होते. वाळवंटातला तळ. त्याचं नाव ही माणसं घेत नाहीत, 'तो तळ' म्हणतात, आणि मीही घेणार नाही. मल्हारी आणि बबनरावाचं काम बॅटीवाल्याचं. विमान उतरून आलं की दोन हातांत नारिंगी बॅटी घेऊन त्याच्यापुढं उभं राहायचं, खुणा करत करत त्याला जागेवर आणायचं. बॅटीवाला ये म्हणाला की पायलट येतो, थांब म्हणाला की थांबतो. पोपटरावाचं काम चॉकचं. चॉक म्हणजे लाकडी ठोकळे, उभ्या बैलगाडीच्या चाकाला धोंडा लावतात तसले. विमान थांबलं की वाकून पळत जायचं आणि चाकांना चॉक लावायचे. चॉक लागले की विमान घरी आलं. परत सोडायचं तर चॉक काढायचे, बॅटीवाल्यानं सलाम ठोकायचा, मगच ते हलणार. जगातल्या कुठल्याही तळावर जा, हीच रीत.

त्या तळावर एका तिन्हीसांजेला सगळी विमानं परत आल्यावर धावपट्टीच्या टोकाकडून आणखी एक आवाज आला. "कुणीतरी राहिलंय," म्हणत मल्हारीनं बॅटी उचलल्या आणि तो धुरळ्यात शिरला. शिरला तो शिरलाच. विमान कुठलं आलं नाही, कुठलं कमी भरलं नाही. दहा दिशांची वाळू चाळली, मल्हारीची टोपीसुद्धा घावली नाही. तेव्हापासून तिथं एक रीत पडली. शेवटचं विमान लागल्यावर कुणी हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर तो आवाज पुन्हा येतो म्हणायचे. संध्याकाळी साहेब समोर आला तरी माणसं हात खाली ठेवून 'जय हिंद' म्हणायची, आणि साहेब मुकाट्यानं पुढं जायचा. बबनराव तेवढा मुद्दाम दोन्ही हात वर करून आळस द्यायचा. त्याच्या खाटेवर बाबासाहेबांचा फोटो होता. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात म्या, वाळूला भिणार व्हय?" म्हणायचा. पण खरं सांगायचं तर, शेवटच्या विमानानंतर बॅटी हातात घेऊन, धावपट्टीकडं तोंड करून त्यानंही कधी हात वर केले नव्हते.

"बारा वरसं झाली," गिताबाई म्हणाली. "दीर म्हणत्यात, संक्रांत झाली की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. ह्यांच्या नावानं जाळायचा."

हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघून तसं करतात. पुतळा जळला की माणूस मेला, आणि गिताबाईचं कपाळ पुसलं जाणार.

"पानांचा नवरा जाळून घीऊ व्हय मी?" तिचा आवाज चढला. "मेलं आसत्याल तर मला दावा. जित्तं आसत्याल तर आणा. भाऊजी, तुमच्या बॅटी हायेत ना घरात? हात वर केलं की ते येतंय म्हणत्यात. मग बोलवा की!"

"वहिनी, तिन्हीसांज हाय... आसलं बोलू न्हाई," पोपटराव पुटपुटला.

बबनरावाच्या मनात आलं, काही येणार नाही. ये म्हटल्यावर वाळूतून काही येत नसतं. पण हिच्या पोटात बारा वर्षं खड्डा पडलाय, तो तरी आज बुजू दे. आणि दुसरंही एक होतं. एवढी वर्षं एवढे गडी हात बांधून वावरले, कुणाच्या भीतीनं? त्याचा त्याला आता मनस्वी राग आला.

त्यानं खोपीतून बॅटी आणल्या. रंग उडालेला, पण मुठी हाताला ओळखीच्या. आक्काबाईनं त्याचा सदरा धरला. "अवो..."

"सोड. ह्यो माझा बांध हाय. हितं मी म्हणंल तवा हात वर करीन."

पडीक रानाच्या कडेला तो मावळतीकडं तोंड करून उभा राहिला. सूर्य नुकताच गेला होता. नदीपल्याडच्या उसावर तांबूस रेघ उरली होती. त्यानं दोन्ही बॅटी सरळ वर धरल्या. मग कोपरात वाकवून आपल्याकडं ओढल्या. ये. ये. ये.

पहिल्यांदा रातकिडे थांबले. मग वस्तीवरची कुत्री. शिवारात इतकं सामसूम झालं की आगटीतला दाणा फुटला तो सगळ्यांनी ऐकला. आणि मग नदीच्या अंगानं एक बारीक शीळ आली, दाताला कळ लावणारी. ती वाढत गेली. बबनरावाला तो आवाज झोपेतसुद्धा कळला असता.

"बबन्या..." पोपटराव उठून उभा होता. "रॉकेलचा वास येतूय रं... तापल्या रबराचा पन..."

रानात काहीच दिसत नव्हतं. पण पल्याडच्या कडेला ढेकळं फुटत होती. टणक जमिनीत तीन चाकोऱ्या उमटत होत्या, एक मधली आणि दोन बाजूच्या, आणि सरळ बबनरावाकडं येत होत्या. बबनरावाचे हात ये ये करतच राहिले. तो थांबवायचं म्हणत होता, पण वीस वर्षांची सवय हातांत होती.

मागं आक्काबाई किंचाळली. आगटीतला जाळ वर जायचा सोडून आडवा झाला होता, रानाकडं. आणि गिताबाईचा पदर खांद्यावरून सुटून तिच्यापुढं ताठ उभा राहिला होता, कुणी टोक धरून ओढावं तसा. वारा तर कुठंच नव्हता. बबनरावाला कळलं. इंजिनाचं तोंड. चालू इंजिन पुढची हवा ओढतं, माणूसही ओढून घेतं, म्हणून त्याच्या पुढून कुणी जात नाही. मल्हारी असाच गेला असणार.

"हाक मारत्यात..." गिताबाई म्हणाली. "आतून हाक मारत्यात मला, भाऊजी..." आणि ती चालू लागली.

आक्काबाईनं तिला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. बबनराव मागं सरला नाही. त्याला भीती वाटत होती, भयंकर वाटत होती, पण तो पुढं गेला. पुढं जाऊन त्यानं बॅटी डोक्यावर फुलीसारख्या धरल्या. थांब!

चाकोऱ्या येतच होत्या.

"थांब म्हणतो ना! बॅटीवाला मी हाय!" त्यानं एक बॅट गळ्यावरून आडवी फिरवली. इंजिन बंद कर.

शीळ एकदम खाली आली, घरघरली आणि थांबली. त्याच्या तोंडावर भट्टीसारखा ऊन श्वास आला. हात लांबवला असता तर कशाला तरी लागला असता.

आणि इथं पोपटरावानं ते केलं. शहाण्या माणसानं केलं नसतं, चॉकवाल्यानंच केलं असतं. इंजिन बंद झालेलं ऐकलं आणि त्याचं अंग आपोआप वाकलं. बसायचे दोन्ही बाभळीचे ओंडके बगलेत मारून तो खाली मान घालून पळाला आणि चाकोऱ्या जिथं संपल्या होत्या तिथं, एक डावीकडं एक उजवीकडं, त्यानं ओंडके ठोकून बसवले. पळत परत आला, अंगठा वर केला, आणि मग त्याचं तोंड पांढरं फटक पडलं.

"बबन्या... म्या काय केलं रं?"

"चॉक लावलंस."

"म्हंजी ते आता... आपल्यात आलं." पोपटराव ओंडक्यांकडं वळला. "म्या काढतो ते. तू सलाम कर. जाऊ दे त्याला, बबन्या. सलाम ठोक आन् मोकळा हो."

बबनरावाचा उजवा हात उठलासुद्धा. सलाम केला की सुटका होती. त्यानं गिताबाईकडं बघितलं. ती मातीत बसली होती, केस सुटलेले, कपाळावरचं कुंकू फासटलेलं, आणि ती मान हलवून नाही म्हणत होती. त्यानं हात खाली घेतला.

"ऐक रे," तो समोरच्या रिकाम्या रानाला म्हणाला. आवाज फाटला, पण थांबला नाही. "चॉकबिगर तू हलायचं न्हाईस, आन् सलामाबिगर सुटायचं न्हाईस. रीत तुझी बी तीच आन् माझी बी तीच. आमचा माणूस तुझ्या पोटात हाय. त्यो खाली उतरव. तवर चॉक काढायचे न्हाईत. बस बोंबलत."

ते बोंबललं. इंजिन असं पेटलं की खोपीचं पाचट उडालं, ओंडके करकरले. पण बाभळीचं लाकूड ते, हललं नाही. थोड्या वेळानं सगळं शांत झालं. चौघं आगटीला धरून बसून राहिली. निजायचं नाव कुणी काढलं नाही.

फटफटलं तेव्हा रानावर दव पडलं होतं. मधला एक पट्टा मात्र कोरडा होता, पंखांएवढा लांब. आणि दोन ओंडक्यांच्या मधोमध जमिनीवर बॅटी पडल्या होत्या. बबनरावाच्या दोन्ही त्याच्या काखेत होत्या. ह्या दुसऱ्या होत्या, नव्याकोऱ्या नारिंगी, मुठीवर तापल्या तारेनं 'मल्हारी' कोरलेलं.

गिताबाईनं त्या उचलून छातीशी धरल्या. आक्काबाईनं हात लावून बघितलं. मुठी घामानं ओल्या होत्या. अजून गरम होत्या.

"दिलं की त्यानं," पोपटराव हात जोडून म्हणाला. "वहिनी, आता सोडू या. बबन्या, कर सलाम."

"मी बॅटी न्हाई बोलावल्या," गिताबाई म्हणाली. "माणूस बोलावलाय. घाम त्यांचा हाय, म्हंजी हात बी आसंल. दिराला सांगा, पळसाची पानं बैलाफुडं टाका म्हणावं."

बबनराव हसला. त्या सकाळी हसू येईल असं त्याला वाटलं नव्हतं. ओंडके नीट आहेत का बघायला तो वाकला. डावा जागेवर होता. उजवा वीतभर सरकला होता, खोपीच्या दिशेला, पण मातीत ओढल्याचा ओरखडा नव्हता. कुणीतरी उचलून ठेवावा तसा ठेवला होता. त्याच्याशेजारी ओल्या मातीत चार बोटं उमटली होती, माणसाची. पाचवं कुठं दिसेना.

मल्हारीच्या हाताला पाचही बोटं होती, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यानं ते गिताबाईला सांगितलं नाही. पायानं माती सारखी केली, लाथेनं ओंडका जागेवर सरकवला आणि त्यावर फतकल मारून बसला.

"आक्के, च्या टाक," तो ओरडला. "हितंच घेतो."

गिताबाई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. ज्वारीचं एक पान हलत नव्हतं. तिच्या पदराचं टोक मात्र हळूच उचललं गेलं आणि रानाकडं ताठ झालं. तिनं त्या टोकाकडं एकदा बघितलं, हिसका देऊन ते ओढून घेतलं, आणि पदर कमरेला घट्ट खोचला.