एकशे बारा खुंट

डोंगरामागचं रान शाबूत आहे की नाही, एवढंच बघून यायचं होतं. नदीकाठच्या वस्तीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ते रान राखत आली होती. त्याबद्दल आमची संस्था त्यांना दर वर्षी मोबदला देई आणि त्यावर वस्तीची एकुलती एक मोटरबोट चाले. दवाखाना बोटीने चार तासांवर, पायी तीन दिवसांवर. या वर्षी उपग्रहाच्या चित्रात रानाच्या शेवटच्या टापूत एक लांबट फिकट ओरखडा उमटला होता. नियम सरळ होता. झाडं तोडलेली आढळली, की मोबदला बंद.

मी मोजणीदार. सोबत ड्रोन उडवणारा सहकारी. त्याला कचेरीत सगळे घार म्हणत. वाट दाखवायला वस्तीतली मावशी होती, साठीची, सडपातळ, मोजकं बोलणारी. तिच्या सुनेला आठवा लागला होता. मावशीची थोरली मुलगी, बोट नव्हती त्या काळात, बाळंतपणासाठी नेताना दवाखान्याच्या वाटेवरच गेली होती. हे मावशी बोलली नाही. घारेच्या कानावर वस्तीत आलं होतं.

रान चालत पार करून शेवटच्या टापूखालच्या नदीकाठी बोटीत बसायचं, असं ठरलं होतं. पहिले दोन दिवस आम्ही चाललो कमी आणि घसरलो जास्त. पायमोज्यांत जळवा, पिठाच्या पिशवीत पाणी. पाठीवरचं ओझं तेवढंच होतं, पण तासातासाला कुणीतरी त्यात एकेक दगड टाकतंय असं वाटे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाठ टेकताना मी घारेला सांगून ठेवलं, की सकाळचा जप पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. बावीस वर्षांचा नेम आहे.

“ताई, अस्वल आलं तर तरी सांगाल ना?”

“खुणेने सांगेन.”

“म्हणजे मी अस्वल सोडून तुमच्याकडे बघत बसायचं.”

मावशी पहिल्यांदाच हसली.

तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ओढा लागला. वर कुठेतरी पाऊस झाला असावा. पाणी गढूळ होऊन फुगलं होतं. मावशीने पलीकडे जाऊन दोर बांधला. तो धरून घार गेला, त्याच्यामागे मी. माझी पिशवी आणायला मावशी परत मागच्या काठावर गेली आणि ती पाठीला बांधून पाण्यात उतरली. माझा जप अजून चालूच होता.

तेवढ्यात वळणावरून ओंडका आला. काळा, लांब, थेट तिच्यावर. तिची पाठ तिकडे होती. घार ड्रोनची पेटी सोडवत होता.

“मावशी, मागे! वाका!”

ती वाकली. ओंडका दोरावर आदळला. दोर तुटला! मावशी पाण्याखाली गेली. घारेने हातातली पेटी टाकली आणि उडी मारली. एक हात दिसला. त्याने मनगट धरलं, मी त्याचा पट्टा धरला आणि तिघं चिखलात येऊन पडलो. पेटी मात्र वाहून गेली.

बराच वेळ कुणाला उठवेना.

“बाई, तुझा नेम मोडला,” मावशी धापा टाकत म्हणाली.

“नेम उद्या परत धरता येईल, मावशी.”

दुपारी एकदम डोक्यावर ऊन आलं. झाडांचं छत संपलं होतं. समोर गुडघाभर नेच्यांचा पट्टा, वीस पावलं रुंद, लांबच लांब गेलेला. पलीकडचा चढ धुक्यात होता. माझा पाय मातीच्या एका उंचवट्यावरून सरकला आणि चिखलाचा पापुद्रा निघून आला. खाली करवतीने सपाट कापलेला खुंट होता. शेजारी आणखी एक उंचवटा. पुढे आणखी.

“संपलं, ताई,” घार म्हणाला. “एकेक खुंट लिंपून झाकलाय यांनी.”

मावशी पाठ फिरवून उभी होती.

मी तिथेच बसले. रागवायलाही त्राण नव्हतं. बसल्यामुळेच दिसलं, की नेच्यांखाली ओंडके तसेच पडले होते, शेवाळलेले. मनगटाएवढी झाडं कापलेली होती, आणि दोघांच्या कवेत मावणार नाहीत अशीही.

“मावशी, लाकूड का नाही नेलं?”

“लाकडासाठी नव्हतंच तोडलं.” ती वळली. “गेल्या उन्हाळ्यात डोंगरापलीकडून आग आली. अकरा दिवस आम्ही सगळी तोडत होतो, फांद्या-पाला ओढून बाजूला करत होतो. आग इथवर आली, पुढे खायला काही नव्हतं. विझली.”

“मग कळवलं का नाही?”

“तुमच्याच माणसाने कागद वाचून दाखवला होता. एकही झाड तोडायचं नाही. आगीबद्दल त्यात काही नव्हतं.”

घार माझ्याजवळ येऊन बसला. “वादळात पडली म्हणून लिहू. कोण येतंय इथवर बघायला?”

खरं सांगते, तो शब्द मला त्या घटकेला अंथरुणासारखा मऊ वाटला. एक शब्द लिहिला, की खाली उतरायचं, बोटीत झोपायचं.

“तोडलीच लिही,” मावशी म्हणाली. “एक नेम माझ्यापायी गेला, तेवढा पुरे. पण आधी वर चल. आग कुठून आली ते बघ, मग लिही.”

वर म्हणजे आणखी अर्धा दिवस. शिदोरी एका वेळची. बोट दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंतच थांबणार होती. घारेने माझ्याकडे बघितलं, सुस्कारा टाकला आणि बुटाची नाडी बांधायला घेतली.

चढ अंगावर आला. हाताने जळकी मुळं धरायची, गुडघा टेकायचा, दम घ्यायचा. माथ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. पलीकडचा सगळा उतार नजर पोहोचेल तिथवर काळा होता, एक पान नाही. अलीकडे, त्या पट्ट्याच्या आत, हिरवं रान धुक्यात निवांत उभं होतं. मी जळक्या सालीचा एक तुकडा पिशवीत टाकला.

रात्री चाचपडत पट्ट्यापर्यंत उतरलो. सकाळी जप झाल्यावर पावसात खुंट मोजले. मावशी स्वतः पुढे होऊन चिखल खरवडत होती. एकशे बारा.

बोटवाला शिव्या देत, पण थांबला होता.

अहवालाच्या तक्त्यात ‘तोडलेली’समोर मी एकशे बारा लिहिले. कारणासाठी अर्धी ओळ होती. मी समास भरला, मागची बाजूही भरली. साहेबांच्या टेबलावर ती साल ठेवली, तिघांनी काय पाहिलं ते सांगितलं. महिन्याभराने निर्णय आला. एकशे बारा झाडांचा वाटा कापला, उरलेला मोबदला चालू. बोट थांबली नाही.

पुढच्या वर्षी मोजणीला गेले तर धक्क्यावर मावशी उभी होती, कडेवर नात. सून बोटीतून दवाखान्यात वेळेवर पोहोचली होती म्हणे, थोडी आधीच.

रानात गेलो. आदल्या वर्षीच्या खुंटांवर चिखल नव्हता. पट्ट्याच्या टोकाला तीन खुंट नवे होते आणि प्रत्येकाला लाल चिंधी बांधलेली होती.

“वैशाखात परत ठिणगी आली होती,” मावशी म्हणाली. “हे तीन. मोज.”