पऱ्हाटीची राख

नांदेडच्या त्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सिंक तीन होते आणि तिन्हींवर चांगुणामावशींचं राज्य होतं. बीकर असो, फ्लास्क असो, मावशी आधी राखेनं घासायच्या. हदगावकडच्या त्यांच्या शेतातल्या पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांची राख. तिथं पीएच.डी. करणाऱ्या अक्षरानं पहिल्याच आठवड्यात सांगून पाहिलं होतं, की मावशी, काचेला साबण आणि ॲसिड लावतात.

"लावते की," मावशी म्हणाल्या. "पर आधी राख. साबणानं काच गप ऱ्हाती. राखीनं बोलती."

अक्षरानं नाद सोडला. लातूरची ही मुलगी हट्टी खरी, पण हट्ट कुणापुढे चालणार नाही हे तिला लगेच कळायचं.

तिचं काम थोडक्यात असं होतं. सोयाबीनच्या भुशापासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण करायचे, ते झिंक ऑक्साइडवर बसवायचे आणि ती पूड निळ्या रंगाच्या पाण्यात टाकून बीकर गच्चीवर उन्हात ठेवायचा. ऊन लागलं की पूड कामाला लागते आणि रंग मोडून टाकते. रंगाचं सांडपाणी असं फुकटच्या उन्हात साफ व्हावं, एवढंच तिचं स्वप्न. दुसऱ्या वर्षी काहीच जमेना, तेव्हा ती बॅग भरून लातूरला निघाली होती. मावशी शेजारी येऊन बसल्या, अर्धी भाकरी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "उद्या ये. काच मी धुवून ठेवते." ती आली. त्यानंतर चाळीस मिनिटांत पाणी नितळ व्हायला लागलं. तेवढ्या एका वाक्यावर आपण टिकलो, असं अक्षरा कुणालाही सांगते.

दिवाळीनंतर मावशी गेल्या. साधा ताप होता. अक्षरा तेव्हा लातूरला होती. तिला तिसऱ्या दिवशी कळलं.

आणि चाळीस मिनिटांचे तीन तास झाले. पूड तीच, ऊन तेच, पण रंग हलेना. तिच्या मार्गदर्शक उमादेवी मॅडम मोजकंच बोलायच्या. "तीन रीडिंग एकसारखी आण. एप्रिलअखेर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द होईल. पाच वर्षं पाण्यात जातील."

खूप डोकं खाजवल्यावर अक्षराला राख आठवली. बीकरच्या काचेला राहिलेली चिमूटभर राखच इतके दिवस मदत करत असेल तर? लॅब असिस्टंट सुगतमामा मावशींच्या शेजारच्या गावचे. त्यांनी मावशींच्याच शेतातल्या यंदाच्या पऱ्हाटीची राख आणून दिली. अक्षरानं स्वतःच्या हातानं बीकर घासले. तरी तीन तासच लागले.

मार्चमध्ये एका दुपारी ती खरकटे बीकर सिंकमध्ये टाकून जेवायला गेली. परत आली तर ते खिडकीत उपडे घातलेले, कोरडे, कडेला करडा थर. तिनं बोट लावलं. राख कोमट होती.

"मामा, तुम्ही धुतले?"

"न्हाई बा. मी तर ऑफिसात कागदं लावून राहिलो होतो. तुम्हीच धुतले असतील, ताई."

असेल, तिला वाटलं. विज्ञान शिकलेलं माणूस आधी स्वतःवर संशय घेतं. तिनं त्याच बीकरमध्ये प्रयोग लावला. चाळीस मिनिटांत पाणी नितळ झालं.

दुसऱ्या वेळी तिनं लॅबला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. तासाभरानं आली, तर बीकर खिडकीत उपडे. पुन्हा चाळीस मिनिटं. आकडे शेवटच्या दशांशापर्यंत पहिल्या रीडिंगशी जुळले. प्रयोगात इतकं कधी जुळत नाही.

खरं सांगायचं तर तिला भीती वाटली नाही. तिला भरून आलं. तिनं कडेची राख खरवडून बाटलीत घेतली, मामांनी आणलेली राख दुसऱ्या बाटलीत भरली आणि दोन्ही तपासणीला पाठवल्या. फुकटचं श्रेय तिला नको होतं. राखेचं काम असेल तर ते राखेच्या नावावर लागलं पाहिजे. बोटांना लागलेली राख पुसायला मात्र हात धजेना. लिंगायताचं घर, अंघोळीनंतर विभूती लावायची जन्माची सवय. तिनं तीन बोटं कपाळावरून ओढली.

"मावशी, लई उपकार झाले," ती रिकाम्या सिंकला म्हणाली.

बीकर रोज घासलेले मिळायला लागले. ती रोज कपाळाला राख लावायला लागली.

अहवाल सोमवारी आला. लातूरहून पहाटेची गाडी गाठायच्या घाईत ती त्या दिवशी बिनअंघोळीची तशीच आली होती. तिनं संगणकावर दोन्ही आलेख एकाखाली एक लावले. मामांच्या राखेत पोटॅश, चुना, वाळू. खिडकीतल्या बीकरच्या राखेतही तेच सगळं, आणि शिवाय अणकुचीदार शिखरांची एक रांग. ती रांग तिनं डोळे मिटूनही ओळखली असती. एमएस्सीला तिनं हाच पदार्थ तयार केला होता. दातांत असतो, हाडांत असतो.

"मामा, पऱ्हाटीच्या राखेत हाड कुठून येईल?"

सुगतमामांनी हातातला फडका खाली ठेवला.

"मावशीला शेतातच अग्नी दिला, ताई. लाकडं ओली निघाली. मग गेल्या सालची सगळी पऱ्हाटी लावली. तुम्हाला ठाव न्हाई का?"

तिला ठाऊक नव्हतं. तिच्या माणसांत पुरतात. राख म्हणजे शेणाची, देवाची, एवढीच तिची ओळख. आठ दिवस तिनं कपाळाला काय लावलं होतं, ते तिला आत्ता कळलं.

अहवाल येईपर्यंत तिनं तिसरं रीडिंग थांबवून ठेवलं होतं.

खिडकीत एकच बीकर उपडा होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि गच्चीवर नेला.

चाळीस मिनिटं.

खाली येऊन तिनं आकडे लिहिले. दोन्ही राखांचे आलेख वहीत चिकटवले, काही लपवलं नाही. प्रबंध आता जाणार होता. तिनं सिंककडे बघून हात जोडले.

सुगतमामा तिच्याकडे बघत होते.

"ताई, आता तरी ते कपाळ पुसा."

"मी आज लावलीच नाही, मामा."

मामांनी आरशाकडे बोट केलं. तिनं भिंतीवरच्या आरशात पाहिलं.

तीन बोटांच्या रेघा नव्हत्या. एकाच अंगठ्याचा ठसा होता, रुंद, खालून वर ओढलेला. तिनं बोट लावलं, तर तो अजून कोमट होता.