खिळे सांडत जाणारा ट्रक

रिक्षाचं पुढचं चाक फुटलं तेव्हा मी आमच्या बंदराच्या गावात न्गामियानीच्या बाजाराकडे वळत होते. फट्‌दिशी आवाज झाला, हँडल हातातून हिसकावल्यासारखं एकीकडे ओढलं गेलं आणि... आडवी! तीन चाकांत पुढचं एकच. ते वळणावर गेलं की मग देवाचं नाव घ्यायचं.

मागे म्वान्टुमू आजी संत्र्यांची टोपली घेऊन बसल्या होत्या. "मेले गं बाई, मेले!" त्या इतक्या दणक्यात ओरडल्या, की जिवंत आहेत हे लगेच कळलं.

लोकांनी रिक्षा उभी केली. टायरमध्ये बोटभर लांब खिळा होता, लाकडाच्या ढलपीसकट. मी मान वर केली. पुढे चौकात एक ट्रक अडकला होता. जुन्या गोदामाचे मोडके वासे त्यात शिगोशीग भरलेले, वर ताडपत्री नाही, मागचा फाळका अर्धा लोंबतोय... आणि हलला की खळ्ळकन खिळे खाली!

माझं डोकंच फिरलं. अंगावरच्या कांग्याचा पदर कमरेला खोचला, धावत गेले, पायरीवर चढले आणि त्याची चावीच काढून घेतली.

"अहो ताई! चावी—"

"ताई कुणाला म्हणतोस? खाली उतर!"

तो उतरला. उंच, सावळा, पापण्यांवर धूळ. आणि अशा वेळी चक्क हसत होता, मेला!

मी त्याच्या तळव्यावर खिळा ठेवला. "हा तुझा पडला. परत द्यायला आले."

"ताई, जरा रस्ता बघून चालवलं असतं तर—"

"बघून? तुझी चाकं दोन कडांनी जातात, मधला कचरा तुझ्या पोटाखालून निघून जातो. माझं एक चाक बरोब्बर मधोमध! ते वाचवायला जावं तर मागचं एखादं खिळ्यावर. आता तूच सांग, कुठं बघून चालवू?"

तो हळूच म्हणाला, "हे... कधी लक्षातच आलं नाही."

"येईल कसं? तू वर बसतोस ना!"

चाक त्यानंच बदललं. संत्रीही वेचली, एकेक शर्टाला पुसून टोपलीत ठेवलं. आजी म्हणाल्या, "पोरगा वाईट नाही हो."

"आजी, त्याच्यापायी पडलात तुम्ही!"

"पडले खरी. पण उचललंन् किती हळू!"

निघताना तो म्हणाला, "माझं नाव हेमेदी. तुझं?"

"कशाला? रोज खिळे पाठवायला?"

"फुलं पाठवली तर?"

"चालतील. फुलांनी पंक्चर होत नाही."

नाव सांगितलं नाही. पण आजींनी सांगितलंच असणार, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आमच्या अड्ड्यावर हजर. "म्वानाइदी, हे घे." एका हातात तिखट लावलेला भाजका कसावा, दुसऱ्या हातात डबा. डब्यात रस्त्यावरून वेचलेले खिळे!

मग तो रोजच येऊ लागला. समुद्रावरचं वारं सुटायचं, तो रिक्षाच्या दांडीला टेकून उभा राहायचा आणि माझ्या शिव्या अगदी मन लावून ऐकायचा. माझी मैत्रीण किदावा आपली रिक्षा पुसता पुसता हसायची. "शिव्या देतेस, पण कसावा संपवतेस!"

"वेचतोस कशाला रे?" एकदा मी विचारलं. "सांडूच नकोस ना!"

"मालक ताडपत्री देत नाही."

"मागितलीस?"

तो डब्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मागितली नाहीस! माझ्यापुढे गोड बोलायला जीभ आहे, तिथं मात्र..."

"नोकरी आहे गं ती," तो पुटपुटला.

आणि मग किदावाची रिक्षा उलटली. तसाच खिळा, तसंच पुढचं चाक. तिचा हात दोन जागी मोडला. मागे बसलेल्या मास्तरांचं कपाळ फुटलं. मी दवाखान्याच्या ओट्यावर बसले होते, तिथं हेमेदी धापा टाकत आला.

"तोंड दाखवू नकोस मला!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "डबाभर खिळे वेचलेस म्हणजे झालं? तिच्या घरची चूल तिच्या हातावर चालते, ठाऊक आहे?"

तो आत जाऊन किदावाचा बांधलेला हात बघून आला आणि मान खाली घालून निघून गेला. घरी गेल्यावर मी खूप रडले. किदावासाठी, असं आईला सांगितलं.

सकाळी आम्ही अड्ड्यावरच्या सगळ्यांनी हेमेदी काम करायचा त्या भंगाराच्या वखारीच्या फाटकासमोर रिक्षा आडव्या लावल्या. माझी सगळ्यांत पुढे. आतून ट्रकांची रांग येत होती आणि पहिला ट्रक त्याचाच होता.

वखारीचा मालक, शेबिला शेठ, धावत आला. "धक्क्यावर जहाज खोळंबलंय! व्हा बाजूला!"

"आधी ताडपत्र्या बांधा!"

"हेमेदी, घाल ट्रक पुढे! पळतील आपोआप!"

ट्रक हलला. मी हँडल सोडलं नाही. हेमेदीनं काचेतून माझ्याकडे बघितलं... आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून तो मालकासमोर उभा राहिला.

"ताडपत्री आणा शेठ, मग हलतो."

"ट्रक तुझ्या बापाचा आहे?"

"नाही. पण रस्ताही तुमच्या बापाचा नाही."

मागचे ट्रक भोंगे वाजवत होते. मग एकेक इंजिन थांबत गेलं. दुसरे ड्रायव्हरही उतरले. मालकानं शिव्या घातल्या, तंबी दिली, फोन फिरवले. शेवटी दुपारी बाजारातून ताडपत्र्या आल्या, फाळक्यांना साखळ्या लागल्या. आणि हेमेदीला सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नकोस.

मला ते अड्ड्यावर कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून! तो बंदराच्या कठड्यावर पाय सोडून बसला होता. मी तिथं गेले ती भांडतच.

"नोकरी गेली आणि मला सांगितलं नाहीस?"

"तूच म्हणालीस, तोंड दाखवू नकोस."

"मी काय, काहीही म्हणते! तू ऐकायचं असतं का?" मी बाजूला बसले. मग विचारलं, "माझ्यासाठी केलंस?"

"नाही." त्यानं सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. "किदावाचा हात बघून केलं. तुझ्यासाठी केलं असतं तर तू जन्मभर सुनावलं असतंस, बायकोसाठी केलंस, एरवी केलं नसतंस."

"बायको? कुणाची बायको?"

तो कानाची पाळी चोळू लागला. "ते... तोंडातून निसटलं."

"निसटलं? अशी मागणी घालतात? नीट उभा राहा. नीट विचार!"

तो खरंच उभा राहिला. पँट झटकली, घसा खाकरला. "म्वानाइदी... करशील माझ्याशी लग्न?"

"नोकरी नाही, आणि विचारतोस!"

"तूच म्हणालीस, विचार—"

"शुक्रवारी नमाज झाला की काकांना घेऊन घरी ये. आईसमोर असं ततपप केलंस तर बघ!"

"म्हणजे... हो?"

"मी अजून रागावलेली आहे," मी समुद्राकडे बघत म्हटलं.

तो पुन्हा शेजारी बसला. हळूच माझा हात हातात घेतला. मी रागावलेलीच होते, अगदी खरंच. हात मात्र सोडवून घेतला नाही.