मागे वळणारं पाणी

नळातून पाणी पिंपात पडतं. पण पिंपातलं पाणी उलटं नळात शिरू शकेल का? तेही आपणहून?

हा प्रश्न ऐकून अकरा वर्षांची शाल्मली हसली. विचारणारी होती टिकली, जेवणाच्या डब्याएवढी यंत्रबाई. सन २०६१ मध्ये प्रत्येक जागामालकाला आपल्या नळजोडणीवरचा परतरोधक (मागे वळणारं पाणी अडवणारं उपकरण) दरवर्षी तपासून घ्यावा लागे. म्हणून आज तपासनीस मंजिरीताई कुदळे टिकलीला घेऊन शाल्मलीच्या बाबांच्या गुलाबांच्या रोपवाटिकेत आल्या होत्या.

टिकलीने परतरोधकाला दाबमापक जोडला. काटा क्षणभर थांबला आणि हळूहळू घसरला.

"दोन्ही झडपा (एकाच दिशेने उघडणारी दारं) गळतायत, शेटेकाका," मंजिरीताई म्हणाल्या.

"अहो, वीस वर्षांत काही झालं नाही," बाबा म्हणाले. "अकराला दुरुस्तीसाठी मुख्य जलवाहिनी बंद होणार. त्याआधी रोपं भिजवू द्या. करा ना तपासणीपत्रावर सही!"

"अकराला बंद होणार म्हणूनच नाही करत. आणि ही नळी जीवामृताच्या पिंपात तळापर्यंत कशाला बुडवलीय?"

"वरून धार पडली की फेस येतो. मग शेण, गोमूत्र, गूळ सगळं उतू जातं. आमच्याकडे सगळे अशीच बुडवतात."

शाल्मली म्हणाली, "पण पाणी मागे वळेल कसं? कोण ओढणार त्याला?"

टिकलीने एक पारदर्शक नळी पिंपात सोडली आणि वरच्या टोकातली हवा काढायला सुरुवात केली. तपकिरी जीवामृत नळीतून वर चढू लागलं. शाल्मलीच्या गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. तिच्या डोळ्यांसमोर येऊन थांबलं.

"मी ओढत नाहीये," टिकली म्हणाली. "मी फक्त वाट मोकळी केली. ढकलतेय हवा."

"हवा?"

"तुझ्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच हवा आहे. तिचं वजन इतकं, की नखाएवढ्या जागेवर सुमारे एक किलो दाब पडतो. या पिंपावरही पडतोय. एरवी जलवाहिनीतला दाब त्याहून जास्त असतो, म्हणून पाणी आपल्याकडे येतं. जलवाहिनी रिकामी होऊ लागली की तो दाब हवेपेक्षाही कमी होऊ शकतो. मग..."

शाल्मलीने वर पाहिलं. निळं, रिकामं वाटणारं आभाळ. ते सगळंच्या सगळं या पिंपावर टेकलं होतं!

आणि एकदम ती बाबांकडे वळली. "बाबा, बालवाडीचा नळ याच जलवाहिनीवर आहे. आपला धाकटा नचू तिथे आहे!"

बाबांनी रोपं भिजवणं राहू दिलं आणि पाना उचलला. "चला ताई, उघडू या."

साडेदहा वाजले होते. झडपांच्या रबरी चकत्या झिजल्या होत्या. एकीत वाळूचा कण रुतला होता. "एवढुसा!" बाबा पुटपुटले. मंजिरीताईंनी दोन्ही चकत्या बदलल्या, आतला भाग धुतला, सगळं घट्ट बसवलं. पुन्हा दाबमापक जोडला.

काटा हलला नाही.

"आता कान लाव," मंजिरीताई शाल्मलीला म्हणाल्या.

अकरा वाजले. पाइपातली सळसळ मंदावत गेली. रस्त्याकडच्या बाजूचा दाब हवेच्या दाबाच्याही खाली गेला, आणि तिला आतून अगदी बारीक आवाज आला: टक्. मग दुसरा: टक्. दोन दारं मिटली होती. बाहेर अख्ख्या आभाळाचा भार पिंपावर रेटत होता, आणि पिंपातल्या जीवामृतावर साधा तरंगही नव्हता.



"किती दिवस धरून ठेवतील या झडपा?" बाबांनी हलक्या आवाजात विचारलं.

"ते बाहेरून दिसत नाही, काका. म्हणून तर दरवर्षी यायचं." मंजिरीताईंनी सही केली.

शाल्मलीचा कान अजून पाइपाला चिकटलेला होता. "पुढच्या वर्षी काटा मी वाचणार," ती म्हणाली. "आणि शाळेचा, दवाखान्याचा, सगळ्या गावाचा वाचायला किती दिवस लागतील?"