ऑरिनच्या आवाजाने जबडा हलेना

ब्रिजेट कोव्हाच त्या शनिवारी ग्रंथालयात शिरली ती पुस्तकासाठी नव्हे. समोरच्या गॅरेजमध्ये तिच्या गाडीचं चाक बदलणं चालू होतं आणि बाहेर सप्टेंबरचा गार पाऊस लागला होता, म्हणून. आत मुलांचा गोष्टीचा तास चालू होता. एक उंच, चष्मेवाला तरुण वाचून दाखवत होता, आणि तेही इतक्या हळू आवाजात, की वीसेक मुलं सरकत सरकत त्याच्या गुडघ्यांना येऊन चिकटली होती. एकही चुळबुळ करत नव्हतं. ब्रिजेटसुद्धा नकळत चार पावलं पुढे गेली.

गोष्ट संपली तशी ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तुमचा आवाज हवाय मला."

त्याने चष्मा वर सरकवला. "कशासाठी?"

"एका मेलेल्या म्हाताऱ्यासाठी."

तो म्हणाला, "म्हाताऱ्याची हरकत नसेल तर माझी नाही."

मिलबर्न गावात ब्रिजेटच्या अंगणातल्या बोलक्या कवट्या सगळ्यांना ठाऊक होत्या. हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, संध्याकाळी चॉकलेटं मागायला निघालेली मुलं मेपल रस्त्यावर आधी तिच्याच फाटकाशी यायची. यंदा तीन कवट्या होत्या, म्हातारा, म्हातारी आणि म्हातारीचा आगाऊ भाऊ. तिघं थडग्यांवर बसून भांडणार होते. प्रत्येक कवटीत एक छोटी मोटर, आणि तिला जोडलेली काडेपेटीएवढी पट्टी. पट्टी आवाज ऐकायची. आवाज जितका मोठा तितका जबडा जास्त उघडायचा, आवाज थांबला की मिटायचा.

"म्हणजे काय बोललं ते तिला कळत नाही, किती जोरात बोललं तेवढंच कळतं?" तिच्या घरच्या गॅरेजात पहिल्याच संध्याकाळी त्या तरुणाने, ऑरिनने, विचारलं. "आमच्या घरीही असंच होतं. पाच भाऊ, आणि मी सगळ्यांत धाकटा."

त्याचं पहिलं काम पार फसलं. त्याने हौसेने आपला आवाज आणि मागचं संगीत ध्वनिफितीवर एकत्रच भरून आणलं होतं. कळ दाबताच म्हातारा संगीताच्या तालावर गवत चघळणाऱ्या गाईसारखा तोंड हलवत बसला. ब्रिजेट हसून हसून जमिनीवर बसली.

"अरे, डाव्या बाजूला नुसता आवाज, उजव्या बाजूला संगीत! जबड्याला फक्त डावी बाजू जोडायची. शाळेतल्या पोरांनाही येतं हे."

"मी शाळेत असताना कवट्या बोलत नव्हत्या," ऑरिन गंभीरपणे म्हणाला.

दुरुस्त करून पाहिलं, तर आता जबडा हलेचना. आवाज इतका हळू, की पट्टीला कुणी बोलतंय याचा पत्ताच नाही.

"जोरात बोल ना जरा!"

"हा... जोरातच आहे."

"बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. तू तर आंबे घेऊन गप्प बसशील!"

शेवटी तिनेच हार मानली. बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पट्टीचा कान तिखट करणारा स्क्रू ती फिरवत गेली, पार शेवटापर्यंत. कवटी ऑरिनने दोन्ही हातांत धरली होती. त्याची बोटं तिच्या मनगटाला लागत होती आणि दोघांनीही हात मागे घेतले नाहीत. "शुभ संध्याकाळ, बाळांनो," तो नेहमीसारखा पुटपुटला, आणि म्हाताऱ्याने आ वासला. मग बाहेरून ट्रक गेला, त्यालाही वासला.

ब्रिजेट दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करायची. दिवसभर ती बोलायची आणि ऐकणाऱ्याच्या तोंडात नळी असायची. तोंडाचा पट्टा चालू ठेवायची सवय तिथलीच. पण त्या दोन महिन्यांत तिला एक गोष्ट कळून चुकली होती. ती ऑरिनच्या प्रेमात पडली होती, चांगलीच पडली होती. आणि जगातल्या सगळ्या विषयांवर बडबडणाऱ्या तिला नेमकं हेच बोलता येत नव्हतं.

वेळही उरला नव्हता. ग्रंथालयातली त्याची जागा बदलीची होती. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली बाई नोव्हेंबरात परत येणार होती. मिनेसोटात त्याला कायमची नोकरी देऊ केली होती, आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. गावात सगळ्यांना हे ठाऊक होतं.

हॅलोविनला गावाने ठरवून दिलेली सहा ते आठची वेळ. फाटकाशी ही रांग लागली. म्हातारा आणि मेव्हणा ध्वनिफितीवर बोलत होते, पण म्हातारीचा आवाज ब्रिजेट गॅरेजात बसून माइकवर देत होती. समोरच्या छोट्या पडद्यावर अंगण दिसायचं. "ए चेटकिणी, झाडू कुठे विसरलीस?" म्हटलं की पोरं किंचाळायची. दोन टोळ्यांच्या मधे ती माइक बंद करायची. ऑरिन बाहेर चॉकलेटं वाटत होता.

शेजारच्या मिसेस प्रुइट सफरचंदाच्या गरम सायडरचा पेला घेऊन आत आल्या.

"काय गं, सोमवारी जाणार ना तुझा म्हातारा?"

"जाईना का!" ब्रिजेट म्हणाली. "मला काय त्याचं?"

"हो का? मग डोळे का भरलेत?"

"कारण... कारण मी मूर्ख आहे, मिसेस प्रुइट! माझं प्रेम आहे त्या माणसावर. दोन महिने रोज समोर बसतो, आणि मी त्याला मोटरींबद्दल सांगते! तो गेला तर मी या कवट्या माळ्यावर टाकणार आहे आणि..."

तिची नजर पडद्यावर गेली. म्हातारीचा जबडा वरखाली होत होता. ती थांबली. जबडा थांबला.

"अरे देवा," ती पुटपुटली.

म्हातारीनेही नेमानं तोंड उघडलं आणि मिटलं. रांगेतली पंधरा-वीस पोरं आणि त्यांचे आईबाप कवटीकडे पाहायचे सोडून ऑरिनकडे पाहत होते. ब्रिजेटला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं.

तिने माइकची वायरच उपटली. तोवर गॅरेजचं दार उघडलं होतं. ऑरिनने चॉकलेटांची परडी मिसेस प्रुइट यांच्या हातात दिली, आणि त्या शहाण्या बाई लगेच बाहेर गेल्या.

"हे बघ," ब्रिजेट सुरू झाली, "तू मनावर घेऊ नकोस, तो माइक चुकून, म्हणजे मला असं म्हणायचं होतं..."

"मी मिनेसोटाला येत नाही म्हणून कळवलंय," तो म्हणाला. "शेजारच्या गावच्या शाळेत अर्धा दिवस काम मिळालंय."

"कधी?"

"शुक्रवारी. तुला सांगितलं होतं. तू ड्रिलने भोक पाडत होतीस."

"अरे, मग पुन्हा सांगायचं!"

"तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा... माझं तुझ्यावर प्रेम आहे, हेही सांगितलं."

"मी काय म्हटलं मग?"

"'तो लांब स्क्रू दे,' म्हणालीस."

"आणि?"

"दिला."

ती हसायला लागली, आणि हसता हसता रडायला. मग डोळे पुसून स्टुलावर नीट बसली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "आता पुन्हा सांग. मी मधे बोलणार नाही."

त्याला बराच वेळ लागला. तो अडखळला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. बाहेर पोरं म्हातारीला हाका मारत होती. ब्रिजेट जागची हलली नाही, आणि त्याचं सगळं सांगून होईपर्यंत तिने तोंडातून एक शब्द काढला नाही.